राखुअ आणि टॅब

पायसांदूच्या नोटरी कचेरीत, नदीकडच्या खिडकीपाशी,
माझा एडिटर मी हातानं बसवून घेतला.

आधी फाँट. जुन्या फाँटात एक आणि एल
जुळ्या भावांसारखे दिसायचे,
त्यापायी एका विधवेचं शेत
कागदावर दहा हेक्टरनं वाढलं होतं.
मग रंग. तारखा निळ्या, नावं मातकट,
रकमा संत्र्याच्या सालीच्या,
कारण इथला पैसा त्याच झाडांवरून उतरतो.
माझ्या शंका पिवळ्या,
छापायच्या आधी पुसायच्या.

खतात ओळ अर्धी सोडायची नसते.
मोकळ्या जागेत उद्या कुणी काही घुसडेल.
माझ्याआधी चौतीस वर्षं इथे विल्मार एचेव्हेरी होता.
ओळ संपेपर्यंत टाइपरायटरवर
एकेक आडवी रेघ ठोकायचा,
टक टक टक टक,
कोपऱ्यावरच्या बेकरीतही कळायचं
की कुणाचं तरी काहीतरी विकलं जातंय.
मी ते सगळं दोन कळांत बसवलं.
दाबलं की रेघा समासापर्यंत पळत सुटतात.
विल्मार अजून गुरुवारी येतो,
काखेत थर्मास, हातात मातेचा भोपळा.
पडद्याकडे बघून म्हणाला, "याला आवाज नाही."
म्हटलं, आवाजही घालता येतो.
त्या दिवशी तो माते अर्धी टाकून गेला.

लाल नागमोडी रेघेला आमची माणसं ठाऊक नव्हती.
बास्क आडनावं, ग्वारानी नावांचे ओढे,
बोटीतून उतरताना एक अक्षर सांडलेले
इटलीचे आजोबा.
चूक नाही, शब्दकोशात घे.
चूक नाही, शब्दकोशात घे.
दोन हजार वेळा तरी सांगितलं असेल.

आणि मग ती आखूड रूपं, माझा खरा अभिमान.
राखुअ लिहून टॅब दाबला की
"राजीखुशीने व अक्कलहुशारीने,
कोणाच्याही दडपणाशिवाय"
अशी अख्खी ओळ डोळ्याची पापणी लवायच्या आत.

मे महिन्यात बेंतांकोर भाऊ आले.
ओढ्याकाठची बाग वाटून घ्यायची होती.
अनीबाल दाराशी, ओनेसिमो खिडकीशी,
मध्ये मी, दोघांचा टपालवाला.
"त्याला सांगा, पंप माझ्याकडे राहील."
"त्याला सांगा, राहू दे."
लिहिलं. रेघा भरल्या. वाचून दाखवायला लागले.
राजीखुशीने, असं म्हणाले मात्र,
अनीबालनं हात वर केला, शाळेत करतात तसा.
"तो शब्द काढा."
कुठला?
"खुशी. राजी आहे मी. तेवढं ठेवा."

ओनेसिमोनं पहिल्यांदा मान वळवली.
"माझ्यातलीही काढा," तो म्हणाला.
मला नव्हे. भावाला.

नोटरीणबाई मिर्ता सोसा चष्मा पुसत म्हणाल्या,
कायद्याला राजी पुरतं.
मग मी बॅकस्पेस दाबला, दोनदा,
कारण खुशी दोन ठिकाणी होती,
आणि शेवटच्या रेघा आपोआप पुढे सरकून
गेलेल्या शब्दाची जागा भरून बसल्या.
कुणाला आता तिथे काही लिहिता येणार नाही.

त्या रात्री मी ती फाइल पुन्हा उघडली
जिच्यात माझे सगळे शॉर्टकट राहतात.
राखुअ आता राजी लिहितो
आणि थांबतो.
कर्सर तिथे उघडमीट करत राहतो
मी मान वर करून समोरच्यांना विचारेपर्यंत.

बहुतेक जण म्हणतात, घाला हो, घाला, त्यात काय.
एखादी बाई मात्र पर्सची चेन
उघडते, लावते, उघडते.
खताला तेवढा उशीर होतो.
विल्मारला मी हे अजून दाखवलेलं नाही.